‘जागीच’ हा शब्द

बख्शी का तालाब, लखनौ
१८ नोव्हेंबर २०२४

चि. निरंजन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी अजून पडायची आहे, पण पहाटेचं दव सुरू झालंय, त्यामुळे काकांना अंगणात बसवायला ऊन चांगलं वर यायची वाट बघते. त्यांचा उजवा हात अजून साथ देत नाही. पाय मात्र सुधारलाय. काठी घेऊन फाटकापर्यंत जातात आणि तिथे उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारतात. फिजिओथेरपीवाला भैया म्हणतो, अंकलजी का मन अच्छा है, यही आधी दवा है.

फोन करायचा सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोन काकांच्या उशाशी असतो आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवरच चालतो. एअर फोर्समधल्या जनरेटरांनी त्यांचे कान घेतले, ते तुला ठाऊकच आहे. शिवाय तू कागद पाठवलास, त्याला कागदानेच उत्तर द्यावं.

कल्पनाताई गणपतीत महाराष्ट्र समाजात भेटल्या होत्या. तुझ्या लग्नाचं जवळजवळ नक्की झालंय म्हणाल्या. तोंडावरचा आनंद लपत नव्हता, पण मला सांगताना तुझी आई बिचारी चाचरत होती. मी म्हटलं, अहो, आमची रुचा जाऊन पाच वर्षं होत आली, त्याने किती थांबायचं? तुमचं दोघांचं पुढे काय ठरलं असतं ते देवाला माहीत. मी मात्र माझ्या मनात ठरवून टाकलं होतं, हेही त्यांना तेव्हाच सांगून टाकलं.

आता तुझ्या पत्राबद्दल. रुचाने आणि तू शोधलेल्या त्या लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळाला, हे काकांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दूधवाला, गॅसवाला, शेजारच्या मिश्राजींची सून, सगळ्यांना गोष्ट ऐकवून झाली. कॉलेजच्या खगोल मंडळाला परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीचे फोटो कसे मिळाले होते. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो, ते कॉम्प्युटरवर एकामागोमाग एक फिरवायचे. तारे जागचे हलत नाहीत, हललाच तर एखादा बारीक ठिपका. तुम्ही दोघं आमच्या पुढच्या खोलीत दिवाळीची अख्खी सुट्टी डोळे फोडत बसला होतात. आणि काकांना नोकरीभर रडारवर बसायची सवय, ते पाठीमागे उभे राहून शिकवत होते, की ठिपक्याकडे टक लावू नका, नजर सैल सोडा, हलणारं आपण होऊन दिसतं.

तिथे एक गोष्ट काका चुकीची सांगतात. ते म्हणतात, रुचा ओरडली. ती ओरडली नव्हती. मी शंकरपाळे तळत होते आणि मला स्वयंपाकघरात तिचा आवाज नीट आला नाही इतक्या हळू ती म्हणाली, "बाबा, हा सरकतोय." मग तू त्याच्या जागा मोजल्यास आणि पाठवल्यास.

तू पुढचं समजावून लिहिलंयस ते बरं केलंस. नुसतं एकदा दिसून भागत नाही, तो मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात आहे, सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला चार वर्षांच्या वर लागतात, आणि पृथ्वीवरून तो नीट दिसायची वेळ आली की दर खेपेला कुणीतरी त्याला पुन्हा टिपावं लागतं, तेव्हा कुठे त्याचा मार्ग पक्का ठरतो. मधली दोन वर्षं तो कुणालाच दिसला नव्हता हे आम्हाला माहीत नव्हतं. रुचाला माहीत असेल. तेव्हा ती कधीकधी उगाच गप्प असायची.

आणि आता नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्यांचा, म्हणजे एकट्या तुझा. नुसतं पहिलं नाव मंजुरी देणाऱ्या समितीला चालेलच असं नाही म्हणून ‘रुचामोहिते’, नाव-आडनाव जोडून, मधे जागा न सोडता. काकांना ते इतकं आवडलं की डाव्या हाताने पाटीवर लिहून बघितलं.

नावाबरोबर द्यायचा जो चार ओळींचा परिचय तू इंग्रजीत लिहून खाली माझ्यासाठी मराठीत दिलायस, त्यात थोडी दुरुस्ती. तिचा जन्म कराडचा, साताऱ्याचा नव्हे. ‘हुशार विद्यार्थिनी’ नको, नुसतं भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी म्हण. आणि ‘रस्त्यावरील अपघातात जागीच निधन’ असं आहे, त्यातला ‘जागीच’ हा शब्द काढ. अपघातात निधन, एवढं पुरे. शब्द मोजके हवेत असं तूच लिहिलंयस.

तब्येतीला जप. पुण्यात आता थंडी छान असेल.

तुझी
विजयाकाकू


बख्शी का तालाब, लखनौ
२२ जानेवारी २०२५

चि. निरंजन,

संक्रांतीचा तिळगूळ कल्पनाताईंकडे दिलाय, त्या कुणाबरोबर तरी पाठवतील. इकडे आठवडाभर धुकं आहे. समोरचं फाटक दिसत नाही. एअर फोर्सच्या तळावरची विमानं बंद, त्यामुळे सगळा परिसर मुका झाल्यासारखा. काका खोलीतच असतात आणि चिडचिड करतात.

तू मला उत्तर लिहिलं नाहीस. रविवारच्या फोनवर काकांना विचारलंस, की काकूंना त्या शब्दाचा त्रास होतोय का. मी तिथेच मटार सोलत बसले होते. तू म्हणालास, तो शब्द मी तुमच्यासाठीच घातला होता काका, तिला काही सोसावं लागलं नाही एवढं तरी मनाला राहावं म्हणून. फोन ठेवल्यावर काका मला म्हणाले, "राहू दे की. पोराने आपल्यासाठी लिहिलाय." मी म्हटलं, बघू. आणि मटार घेऊन आत गेले.

मी हे कधीच लिहिणार नव्हते. पण तो शब्द आता छापला जाईल, आणि जो कुणी तिचं नाव वाचेल तो तेही वाचेल. म्हणून लिहिते.

त्या सकाळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेवढंच मलाही ठाऊक होतं. सीतापूरला तुमच्या मैत्रिणीचं लग्न होतं. रुचा मुलींबरोबर बसने गेली होती, बसनेच यायची होती. तू पुण्याहून आलेला, तुझ्या बाबांची, शरदभाऊंची गाडी घेऊन गेलास, आणि येताना ती तुझ्याबरोबर निघाली. आम्हाला कळवलं नाही, उजाडायच्या आत कशाला उठवा म्हणून असेल. असंच धुकं होतं. इटौंजाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, ना दिवा, ना लाल पट्टी. गाडी डाव्या अंगाने तिच्यात घुसली आणि वरचा ऊस गाडीवर कोसळला. तू पोलिसांना सांगितलंस की धडक बसताच तुझी शुद्ध गेली, मागून आलेल्या कुठल्याशा परक्या बसच्या लोकांनी तुला दवाखान्यात नेलं, आणि ट्रॉलीवाला मदत न करता पळून गेला. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की ती गाडीत आहे. बसमधल्या मुली घरी पोचल्या आणि ही दिसेना, तेव्हा मी फोन लावत राहिले. तो फोन उसाखाली वाजला. त्या आवाजाने ती सापडली.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ती लगेच गेलेली नाही. बराच वेळ होती. हे मी काकांना सांगितलं नाही. ते तुलाही माहीत नसेल असं समजून चालले. कारण तू बेशुद्ध होतास.

करोनानंतर कोर्टाच्या तारखा पुन्हा सुरू झाल्या. काकांना झटका येऊन गेला होता, म्हणून कैसरबागेला मी एकटीच जायची. तो ट्रॉलीवाला, रामसजीवन, त्याच व्हरांड्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला गमछा डोक्याला गुंडाळून बसलेला असायचा. मी त्याच्याकडे बघत नसे. माझ्या लेखी तो माझ्या मुलीला टाकून पळालेला माणूस होता. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात, तारीख पुन्हा पुढे गेली तेव्हा, तो उठून माझ्यापुढे येऊन खाली जमिनीवर बसला. म्हणाला, अम्मा, आप हमका देखती नाहीं, ठीक है. मगर एक बात सुन लेव.

तो पळाला नव्हता म्हणे. धडक झाली तेव्हा तो ट्रॅक्टरचं काहीतरी बघत होता. धावत गाडीपाशी आला, तर तू गाडीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होतास. कपाळातून रक्त येत होतं, पण उभा होतास. त्याने तुला विचारलं.

"हम पूछा रहै, भीतर अउर कोऊ है? भइया कहिन, नहीं, मैं अकेला हूँ."

तेवढ्यात बस आली. तुला त्याच बसमध्ये बसवायला त्याने हात दिला. गाडीत कुणी नाही असं समजून तो दुसरा ट्रॅक्टर आणायला गावात गेला. परत येऊन बघतो तर उसाखाली फोन वाजतोय. त्यानेच ऊस उपसला. रुचाला बाहेर काढणारे हात त्याचे होते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं, पोलिसांना सांगितलंस का? म्हणाला, सांगितलं. ते म्हणाले, पढ़ा-लिखा लड़का बेहोश था, और तू अपनी जान बचा रहा है.

मीही मनाला तेच समजावलं. माणूस केसमध्ये अडकलाय, काहीही बोलेल. काकांना सांगितलं नाही. दर रविवारी तुझा फोन यायचा. काका दुपारपासून फोन हातात धरून बसायचे, तुझ्याशी बोलताना आठवडाभरात पहिल्यांदा हसायचे. मी तिकडे स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहायची. एका माणसाला तेवढाच आनंद उरलाय, तो मी कशाला काढून घेऊ, आणि तोही एका परक्या माणसाच्या सांगण्यावरून?

मग तुझा तो कागद आला.

निरंजन, तुझी शुद्ध धडकेबरोबरच गेली होती तर ती जागीच गेली हे तुला कुठून कळलं? आम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलंस म्हणतोस, ते मानते. पण आम्हाला काय वाटत होतं ते तू कधी विचारलं नव्हतंस. न विचारता ज्याने हा शब्द शोधून काढला, त्याला तो स्वतःसाठी लागत असेल असं मला वाटू लागलं आहे. मी चुकत असेन तर तसं लिही. मी तुझी माफी मागेन, आणि तो शब्द राहू दे.

पण तू तसं म्हणाला होतास का, एवढं मला सांग. काकांना फोन करून नको. मला लिही.

तोवर नाव पाठवू नकोस.

विजया मोहिते


बख्शी का तालाब, लखनौ
९ सप्टेंबर २०२५

निरंजन,

घरात मी आणि रुचाचे बाबा आहोत तसे आहोत. पाऊस या खेपेला फार झाला. मागच्या बागेतलं पाणी अजून उतरलेलं नाही.

तुझा निरोप फोनवर आला तो मीच वाचला. त्याला उत्तर म्हणून हे पत्र. यात आधीचंही थोडं लिहिणार आहे, कारण जुलैमध्ये कोर्टात मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही आणि ते तसंच राहू नये.

फेब्रुवारीत तुझं उत्तर आलं, त्यात तू कबूल केलंस. लिहिलंस, की तू तिला हाक मारलीस, तिने ओ दिली नाही, तुला वाटलं ती गेली. मग त्या माणसाने विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. संध्याकाळी दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा ती सापडली होती, आणि आधी का नाही सांगितलं असं सगळे विचारतील म्हणून पोलिसांना तसं सांगितलंस. शेवटी लिहिलं होतंस, की नाव ठेवायची माझी लायकी नाही, मी नाव पाठवत नाही, तो लघुग्रह क्रमांकावरच राहू दे.

ते पत्र वाचून मला तुझा राग आला, पण त्याहून जास्त राग शेवटच्या वाक्याचा आला. हक्क एकट्या तुझ्या हातात. तू नाव ठेवलं नाहीस तर दुसरं कुणी ठेवू शकत नाही. म्हणजे तुला लाज वाटते म्हणून तिचं नाव घ्यायचं पुन्हा एकदा राहणार. म्हणून मी मिश्राजींच्या फोनवरून तुला फोन केला आणि सांगितलं, की नाव पाठव, तो शब्द काढून पाठव, आणि कोर्टात येऊन बोल. तू हो म्हणालास. नाव पाठवलंस. जुलैत कोर्टातही आलास. तू आलास, हे मी नाकारत नाही. न येता आलं असतं.

जे मी योजलं नव्हतं ते असं. साक्षीला निरंजन येतोय हे वकिलांकडून यांना कळलं. म्हणाले, पोरगा एवढ्या लांबून येतोय, मी नको यायला? मी पाऊस सांगितला, जिना सांगितला, लघवीला जायची अडचण सांगितली. कशाला ऐकेनात. खरं कारण मला सांगता येईना. तुम्ही ऐकू नये असं काही तो बोलणार आहे, असं सांगितलं असतं तर ते काय, हे माझ्याकडून काढून घेतल्याशिवाय राहिले नसते. शेवटी इस्त्रीचा शर्ट घातला, वर निळा ब्लेझर, भर जुलैत. चारबाग स्टेशनवर तुला घ्यायला कुणी गेलं का, ही चौकशी रिक्षात बसेपर्यंत चालली होती.

ते पहिल्या बाकावर बसले. कानाचं यंत्र लावलं होतं. तू हिंदीत सांगितलंस. टाइप करणाऱ्याला पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही म्हणून जजसाहेबांनी तुला पुन्हा बोलायला लावलं. "मैंने कहा था कि मैं अकेला हूँ." यांनी ते दोनदा ऐकलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझा हात त्यांच्या हातावर होता, तो त्यांनी बाजूला केला नाही आणि धरलाही नाही.

रामसजीवन तिकडे हात जोडून उभा होता. साहेबांपुढे जोडले होते की तुझ्यापुढे, कळलं नाही. त्याची केस अजून चालू आहे. ट्रॉलीला दिवा नव्हता हा गुन्हा आहेच. पण पळून गेल्याचं त्याच्या माथ्यावर होतं ते जाईल असं वकील म्हणतात.

बाहेर व्हरांड्यात तू आलास आणि त्यांच्या पाया पडायला वाकलास. त्यांना पाय झटकन मागे घेता येत नाही, ते तुला माहीत आहे. मला ते बघवलं नाही. तू वर उठलास तेव्हा त्यांनी तुला विचारलं, मराठीत, अगदी साध्या आवाजात, "ती काही बोलली होती का रे?"

मला वाटलं, तू नाही म्हणशील. मला तू तसंच लिहिलं होतंस.

तू आधी माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "हो, काका. म्हणाली, निरंजन, पाय निघत नाहीये."

नंतरचंही तू सांगितलंस, न विचारता. रात्री लग्नात घेतली होती, तोंडाला वास होता. आधी इथून निघावं, बसमध्ये बसल्यावर कुणाला तरी सांगावं, असं वाटलं. तिला म्हणालास, आलोच. आणि बसमध्ये बसल्यावर खरंच शुद्ध गेली. ते मला खरं वाटतं. तू मुद्दाम तिला मरायला सोडलंस असं मला वाटत नाही. वाटलं असतं तर सोपं झालं असतं.

यांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, चल. घरी आल्यावर ब्लेझर काढायला मी मदत करत होते, तेव्हा विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी म्हटलं, अर्धं. कधीपासून, ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याच्याशी हसून बोलायचो, ते तू आतून ऐकत होतीस."

मी ब्लेझर खुंटीला लावला.

त्यांनी मला दोष दिला नाही. पण त्यानंतर बरेच दिवस व्यायाम केला नाही. भैया यायचा, बसून चहा पिऊन जायचा. फाटकापाशी जाणं सुटलं. तू कोर्टात येऊन बोल म्हणून मी हट्ट धरला नसता तर ते आज तिथे उभे असते, लोकांना मंगळ आणि गुरू समजावत. हे मला रोज वाटतं. आणि तरी पुन्हा वेळ आली तर मी तुला बोलावीनच, हेही कळतं. रामसजीवनलाही मुली आहेत. आणि एक खोटी गोष्ट आमच्या घरात दर रविवारी जेवायला बसत होती, तिला मी वाढत होते, ते माझ्याच्याने आता होणार नव्हतं.

आता नावाचं. या महिन्याच्या यादीत ते जाहीर झालं असं तू कळवलंस. मी यांना लगेच सांगितलं नाही, दोन दिवस गेल्यावर सांगितलं. वाटलं, नको म्हणतील. म्हणाले, वाच. मी आधी इंग्रजी वाचलं, जमेल तसं, मग मराठी केलं. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह, नोव्हेंबर २०१५ मध्ये शोधला. रुचा मोहिते, जन्म कराड, लखनौ येथे भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, २०२० मध्ये अपघातात निधन. शब्द तू काढलायस. तेवढं बरोबर आहे.

त्यांनी विचारलं, शोध कुणाच्या नावावर लिहिलाय?

मी म्हटलं, दोघांच्या. तिच्या आणि निरंजनच्या. पुढे मीच बोलून गेले, की असल्या माणसाचं नाव तिच्या नावाशेजारी राहायला नको, आपण त्या लोकांना लिहू. मला खरंच तसं वाटत होतं. अजूनही वाटतं.

ते छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले, "नको. पाहिला दोघांनीच होता. तिने दाखवला, त्याने मोजला. मी मागे उभा होतो." आणि वर म्हणाले, "एक खोटं काढलंस ना त्यातून, आता आपण दुसरं घालायचं नाही."

म्हणून तुझं नाव तिथे आहे तसं राहील. आम्ही कुणाला काही लिहिणार नाही. कॉलनीच्या सेक्रेटरींना सत्कार करायचा होता, पेपरवालेही विचारून गेले, त्यांना यांनी स्वतः नाही सांगितलं. कुणी तुला विचारलं आणि तू तिच्याबद्दल चांगलं बोललास तर आमची हरकत नाही. फक्त तिला त्रास झाला नाही असं कुठेही बोलू नकोस.

रविवारचा फोन आता करू नकोस. इकडे येऊही नकोस. कल्पनाताईंचा यात काही दोष नाही. त्या भेटल्या तर मी पूर्वीसारखीच बोलेन, निदान प्रयत्न करीन. तुझं लग्न डिसेंबरात आहे असं ऐकलं. त्या मुलीला हे सगळं तू आधीच सांगावंस. तिला हे व्हरांड्यात उभं राहून ऐकायला लागू नये.

मी तुला माफ केलं असं कुणाला सांगू नकोस, कारण केलेलं नाही. तुला शाप देते असंही समजू नकोस. खोटं तूच बोललास आणि शेवटी खरं बोलायला पुण्याहून तूच आलास. या दोन निरंजनांचं काय करायचं ते मला उमगलेलं नाही, आणि उमगेपर्यंत मी असेन असं वाटत नाही.

पत्र संपवताना मोठ्या माणसाने आशीर्वाद लिहायचा असतो. तो घाईत राहून गेला असं वाटून घेऊ नकोस. मी तो लिहिलेला नाही.

रुचाची आई